आपली गल्ली, आपली सभा

(पुसेगाव येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द नेहमी असत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतशिवार. पांढरी म्हणजे गावठाण. जिथे चुली पेटतात, लेकरे खेळतात, म्हातारी माणसे ओसरीवर बसतात, ती पांढरी.

काळीची आपण फार काळजी घेतो. शेजाऱ्याचा नांगर धुऱ्यावर वीतभर सरकला तर आपण मोजणी आणतो. सातबारा काढून नाव बरोबर आहे की नाही ते बघतो. बघायलाच पाहिजे. पण पांढरीचे काय? दारापुढची नाली तुंबली तर आपण काय करतो? धोतर सावरतो, लुगडे वर धरतो आणि ओलांडून जातो. म्हणतो, "पंचायत बघेल." काळी ज्याची त्याची असते. पांढरी सगळ्यांची असते. आणि जे सगळ्यांचे असते, ते कुणाचेच राहत नाही.

आज आम्ही पांढरीबद्दल बोलणार आहोत. सगळ्या गावाबद्दल नाही, फक्त आपापल्या गल्लीबद्दल. आमचे म्हणणे थोडके आहे. गल्लीची गोष्ट ओट्यावर ठेवू नका. चौघांत बसून बोला, कागदावर लिहा आणि सभेत न्या. एवढेच. आता हे का, आणि कसे, ते सांगतो.

न्हाणीचे पाणी

समजा, गल्लीत दोन घरे आहेत. एक वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला. वरच्या घरच्या न्हाणीचे पाणी वाहत खालच्या घराच्या दारात येते. पाणी उताराने जाते, त्याचा काय दोष? पण दारात चिखल होतो. लेकरू घसरून पडते. पहिल्या दिवशी खालच्या घरची बाई म्हणते, "अहो बाई, जरा पाणी तिकडून काढा ना." दुसऱ्या दिवशी तिचा आवाज चढतो. महिन्याने दोन्ही घरचे गडी बोलू लागतात. मग बोलणे बंद होते. लग्नाची पत्रिका जात नाही. मयतीला कुणी येत नाही. एखाद्या दिवशी काठी निघते. प्रकरण पोलीस ठाण्यात जाते, तिथून कोर्टात. वकिलाची फी, तारखेला जाणे, बुडालेली मजुरी. आणि इतके होऊनही पाणी तिथेच! ते रोज सकाळी दारात येतेच आहे.

आता सांगा, हे भांडण दोन घरांचे आहे काय? नाही. ते गल्लीचे आहे. कारण त्या चिखलात डास होतात, आणि डास कुणाचे आडनाव विचारत नाही.

डासाबद्दल थोडे सांगतो. डासाची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते. अंड्याचा उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. घाण पाण्यात होणारा डास वेगळा आणि डेंग्यूचा डास वेगळा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, टाकी, फुटका टायर, नारळाची करवंटी त्याला पुरते. तो दिवसा चावतो. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासावीत आणि कोरडी करावीत. यालाच कोरडा दिवस म्हणतात. आठवड्यातच का? कारण अंड्याचा डास होण्याआधीच पाणी ओतले गेले पाहिजे. पण एकट्या घराने कोरडा दिवस पाळून भागत नाही. तुम्ही रांजण घासला आणि शेजारच्या टायरात पाणी राहिले, तर डास तुमच्याकडे येणारच. म्हणून वार सगळ्या गल्लीने मिळून ठरवला पाहिजे.

पाणी मुरवा, भांडण मुरवू नका

सांडपाण्यावर उपाय आहे. तो लांबचा नाही, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलाच आहे. हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे घेतले. घरचे पाणी घराशीच जमिनीत जिरवले. दारापुढून वाहणारे सांडपाणी बंद झाले, तसे डासही हटले. पुढे नांदेड जिल्ह्यात हे काम रोजगार हमी योजनेतून अनेक गावांत झाले. लोक त्याला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले.

शोषखड्डा करायला सोपा आहे. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा घ्यावा. मधे सिमेंटची लहान टाकी बसवावी. तिला वरच्या भागात चारी बाजूंनी भोके असावीत. टाकीभोवती दगड भरावेत, खाली मोठे आणि वर लहान. न्हाणीचे आणि भांड्याचे पाणी नळीने टाकीत सोडावे. गाळ टाकीच्या तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी भोकांतून दगडांत जाते आणि जमिनीत जिरते. टाकीतला गाळ मधूनमधून काढावा लागतो. तो काढला नाही तर खड्डा तुंबतो आणि मग लोक खड्ड्याला नावे ठेवतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडची माती काळी, चिकण. तिच्यात पाणी लवकर जिरत नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. दुसरे असे की, विहीर आणि हापसा यांच्यापासून खड्डा चांगला दूर ठेवावा. नाहीतर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात जायचे.

"कुठेतरी पाणी मुरते आहे," असे आपण संशयाने म्हणतो. इथे मात्र पाणी मुरलेच पाहिजे. भांडण तेवढे मनात मुरू देऊ नका.

आता कुणी विचारील, "गुरुजी, जागा कुणाची? खड्डा वरच्या घराने घ्यायचा की खालच्या?" हाच तर खरा प्रश्न आहे. तो दोघांनी सुटत नाही, कारण दोघेही रागात असतात. तो चौघांत बसून सुटतो.

ऐकलेली बातमी

गल्लीत आणखी एक गोष्ट वाहते. ती म्हणजे बातमी. सांडपाण्यासारखीच तीही उताराने धावते.

पूर्वी बातमी पारावर यायची. आता ती खिशातल्या फोनवर येते. "अमक्याचे घरकुल तमक्याने खाल्ले." "पाण्याच्या टाकीत काहीतरी पडले." "गावात पोरे पळवणारी टोळी आली." कुणी पाठवले? माहीत नाही. कुठले गाव? माहीत नाही. तरी आपण पुढे पाठवतो.

याचे फळ काय होते, ते ऐका. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. 1 जुलै 2018 रोजी तिथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तिथे आली होती. सोलापूरकडची गरीब माणसे. पोरे पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा फोनवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना धरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही जण मेले. मुले पळवणारे कुणीच नव्हते. पुढे 2024 साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. तिकडे पाच घरे उघडी पडली, इकडे सात.

मंडळी, ती खोली कोणती होती ते ध्यानात घ्या. ज्या खोलीत गावाने बसून बोलायचे, त्याच खोलीत हे झाले. "थांबा, आधी विचारू, पोलिसांना फोन करू," असे ठामपणे म्हणणारी दहा माणसे एकत्र उभी राहिली असती, तर पाच जीव वाचले असते. पण अशी दहा माणसे ऐन वेळी तयार होत नाहीत. ती आधीपासून एकमेकांशी बोलत असावी लागतात.

भिवंडीने काय केले

अशी माणसे तयार करता येतात, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. ठाणे जिल्ह्यात भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. तिथे हिंदू-मुसलमान शेजारी राहतात. 1970 साली आणि पुन्हा 1984 साली तिथे मोठे दंगे झाले. माणसे मेली, घरे आणि माग जळले.

1988 साली सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. सुमारे 70 समित्या झाल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे त्यात घेतली. पुढाऱ्यांची गर्दी केली नाही. पोलीस आणि लोक नियमाने एकत्र बसू लागले. शेजाऱ्यांच्या लहानसहान कुरबुरी तिथेच मिटू लागल्या. त्यातून एकमेकांची ओळख झाली. कोण कुणाचा भाऊ, कुणाचे लेकरू आजारी, हे कळू लागले.

डिसेंबर 1992 मध्ये अयोध्येची घटना झाली. मुंबईत दंगे पेटले. ते जानेवारी 1993 मध्ये पुन्हा पेटले. दोन्ही वेळचे मिळून सुमारे 900 माणसे गेली. भिवंडी मुंबईच्या शेजारीच. सगळ्यांना वाटले, आता भिवंडी पेटणार. पण भिवंडी शांत राहिली. अफवा आली की मोहल्ल्याची माणसे एकमेकांकडे जाऊन विचारीत. ओळख होती, म्हणून विचारता आले. पुढे 1994 साली मुंबईतही अशाच मोहल्ला समित्या निघाल्या.

यावरून काय घ्यायचे? शेजाऱ्यांच्या लहान गोष्टींसाठी बसणे वाया जात नाही. शांत दिवसांत नालीवर बोलायला जी माणसे बसतात, तीच वाईट दिवसांत गाव सांभाळतात. आपल्या गल्लीत दंगा नसेल. पण आग लागते, पूर येतो, साथ येते. तेव्हा कुणाकडे धावायचे, हे आधीच ठरलेले बरे.

कायद्याने दिलेली सभा

आता तुम्ही म्हणाल, "आमच्या बोलण्याला कोण विचारतो?" कायदा विचारतो. तो काय म्हणतो ते बघा.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा 1958 सालचा आहे. पुढे देशाच्या घटनेत दुरुस्ती झाली. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. तिने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. श्रीमंत-गरीब नाही, बाई-बाप्या नाही, सालगडी-मालक नाही. यादीत नाव असले की झाले.

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. तिच्यात कोणते विषय आहेत ते लिहिलेले असते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. तशीच प्रत्येक सदस्याने आपल्या वॉर्डातल्या मतदारांची वॉर्डसभा घ्यायची असते. आपल्या गल्लीची खरी जागा ही. वॉर्डसभा! नाली, दिवा, नळ, घरकुलाची यादी हे सारे तिथे बोलायचे. तिथे ठरले की ग्रामसभेत जोराने मांडता येते.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ग्रामसभेला किती माणसे हवीत? एकूण मतदारांपैकी शेकडा 15 किंवा 100 माणसे, यांत जो आकडा लहान असेल तितकी. तितकी आली नाहीत तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. मग ती पुन्हा भरते. आणि तहकूब सभेला माणसांच्या आकड्याची अट नसते. बारा माणसे आली तरी सभा होते. त्या बारा माणसांनी जे ठरवले, ते सगळ्या गावाने ठरवले असे होते. तुम्ही सोयाबीन काढत होता, ऊसतोडीला गेला होता, की घरी बाजेवर पडला होता, ते कुणी लिहीत नाही.

म्हणून "मी गेलो नाही, माझा काय संबंध?" असे म्हणू नका. तुम्ही गेला नाहीत, हाच तुमचा संबंध.

बायकांना विशेष सांगतो. 2011 सालापासून आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण खुर्चीवर बाई आणि बोलणारे तिचे घरधनी, असे किती दिवस चालायचे? पाणी कोण भरते? नालीशेजारी भांडी कोण घासते? अंधारात बाहेर जायला भीती कुणाला वाटते? ज्याला कळ लागते, त्यानेच बोलले पाहिजे. महिला सभेत तर कुणाची आडकाठी नाही. तिथे मोकळेपणाने बोला.

सही करण्याआधी वाचा

आजवर तुमच्यापैकी अनेकांनी अंगठा उठवला. कागदावर काय आहे हे विचारायची सोय नव्हती. कुणी वाचून दाखवले तेवढेच खरे मानावे लागे. आता तुम्हाला अक्षर ओळखू येते. सही करता येते. पण नुसती सही करता येणे म्हणजे साक्षर होणे नव्हे. सहीच्या वर काय लिहिले आहे, ते वाचता आले पाहिजे.

सभेत हजेरीचे रजिस्टर फिरते. सही करण्याआधी वरची तारीख वाचा. विषय वाचा. वर कोरी जागा सोडली असेल तर विचारा, "इथे काय लिहिणार?" सभा संपली की ठराव वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, ते हे दफ्तर ठेवतात. त्यांच्याशी भांडू नका. नम्रपणे विचारा. विचारणारे लोक असले की लिहिणाराही नीट लिहितो.

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. त्या जिल्ह्यातही एक पुसेगाव आहे, सेवागिरी महाराजांचे. गावेच्या गावे रात्री कंदील घेऊन शिकली. गाव साक्षर झाले की मोठा समारंभ व्हायचा. वाचन हे एकट्याचे नाही, गावाचे काम आहे, असे त्या लोकांनी मानले. आपणही तसेच मानू. गल्लीत एकाला वाचता आले, तर नोटीस सगळ्या गल्लीला कळली पाहिजे.

तोंडी सांगितलेली तक्रार वाऱ्यावर जाते. म्हणून अर्ज लिहायला शिका. अर्ज असा लिहावा:

दिनांक ........
मा. सरपंच, ग्रामपंचायत पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली यांस.
विषय: गल्लीतील नाली तुंबल्याबाबत.
महोदय,
आमच्या गल्लीतील नाली 15 दिवसांपासून तुंबली आहे. पाणी रस्त्यावर येते. लेकरे आजारी पडत आहेत. तरी नाली साफ करून घ्यावी व शोषखड्ड्यांचा विषय पुढील ग्रामसभेत घ्यावा, ही विनंती.
आपले, गल्लीतील रहिवासी.

खाली सगळ्यांच्या सह्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर तारीख आणि शिक्का घ्या. त्याला पोच म्हणतात. पोच जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे पावती नसलेला व्यवहार.

बैठक कशी घ्यावी

वॉर्डसभा सदस्याने बोलवायची. पण गल्लीने आपसात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. महिन्यातून एकदा बसा. देवळाचा ओटा, शाळेचा वऱ्हांडा, झाडाची सावली, काहीही चालेल. मात्र जागा अशी निवडा, की गल्लीतल्या कुठल्याही जातीधर्माच्या माणसाला तिथे यायला संकोच वाटणार नाही. जवळच नर्सीला संत नामदेवांचे ठाणे आहे. कीर्तनात आपण मांडीला मांडी लावून बसतो. बैठकीतही तसेच बसा.

काही साधे नियम सांगतो.

एक, सगळ्यांना बोलवा. भाडेकरू, सालगडी, एकटी राहणारी विधवा बाई यांना विसरू नका.

दोन, एका वेळी दोनच विषय घ्या. दहा विषय काढले की एकही तडीस जात नाही.

तीन, आधी बायकांना आणि तरुण पोरांना बोलू द्या. म्हातारी माणसे शेवटी बोलली तरी त्यांचे वजन कमी होत नाही. आम्ही स्वतः त्यांच्यातलेच आहोत, म्हणून सांगतो.

चार, माणसाबद्दल बोलू नका, कामाबद्दल बोला. "तू पाणी सोडतोस" असे नको. "पाणी कुठून काढायचे?" असे म्हणा.

पाच, एक वही ठेवा. तिच्यात पाच गोष्टी लिहा: तारीख, कोण हजर, काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या महिन्यात आधी मागचे पान वाचा. काम झाले असेल तर पुढे खूण करा. झाले नसेल तर का, ते विचारा.

सहा, फोनवर आलेली बातमी बैठकीत ठेवा. कुणी पाठवली, कधीची, कुठल्या गावची, असे तीन प्रश्न विचारा. तीन उत्तरे मिळाली नाहीत, तर ती पुढे पाठवू नका.

सात, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरा, पावती घ्या. आपण पैसे भरले असले की मान वर करून हिशेब विचारता येतो.

पंचायत सगळे करणार नाही, आणि गल्लीलाही सगळे करता येणार नाही. मोठी नाली बांधणे, खांबावर दिवा लावणे हे पंचायतीचे काम. टायर उचलणे, गाळ काढणे, शेजाऱ्याशी नीट बोलणे हे आपले काम. आपण आपले केले, की दुसऱ्याला त्याचे काम सांगायला तोंड राहते.

आता उठण्यापूर्वी एवढे करा. प्रत्येक गल्लीच्या माणसांनी आपापल्यात विचारून बैठकीची तारीख ठरवा. वही कुणी आणायची ते ठरवा. पहिल्या पानावर पहिला विषय स्वतःच्या हाताने लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. ते तुमचे आहे, आणि ते वाचता येते, इतके पुरे आहे.